वीस नखांचं पिल्लू

सोसायटीच्या चारा छावणीत भिवराबाईची गाय बांधलेली, अन् शेजारच्या दावणीला केशरबाईच्या म्हशी. दोघी एकाच गल्लीतल्या. केशरबाईची कुत्री छावणीतच व्याली, तसं भिवराबाईचं कामातलं ध्यानच उडालं. एकेका पिलाचे पंजे धरधरून तिनं नखं मोजली, राखणीला पक्कं म्हणतात ते वीस नखांचं काळं पिल्लू हेरलं आणि दुसऱ्या कुणी सांगून ठेवायच्या आत त्याच्या गळ्यात काळा दोरा बांधून मोकळी झाली. म्हातारपणी काय ती घाई!

केशरबाईनं दोरा सोडून तिच्या हातात दिला.

"न्हाई द्यायचं तुला, आक्का."

"कावून गं? मी काय वैरीण हाय का?"

"दसऱ्याला तू जाशील कारखान्यावर, नातवंडं सांभाळायला. हे बसंल कुलपाकडं बघत. तुझ्या मोत्यावानी."

भिवराबाई तडकली. "मोत्याला काय झालतं? ऊस तोडून सहा महिन्यांनी आलो, तवा चांगला धडधाकट होता! कुत्रं आपलं पोट आपण भरतंय."

"कशानं भरतंय? निम्मं गाव तोडीला गेलतं, उकिरड्यावर तरी काय होतं? रोज सांजच्याला मी भाकर टाकीत होते तुझ्या दारात."

भिवराबाईनं दोरा कमरेला खोचला. बारा वर्षं झाली त्याला. घर राखायला कुत्रं ठेवून गेलतो, असं ती सगळ्यांना ऐटीत सांगत आली होती. आणि ही बया एका शब्दानं बोलली नव्हती!

त्या दिवशी तिनं पिलाला हात लावला नाही. आधी केशरबाईच्या देखतच ऊसतोडीच्या टोळीच्या गहिनीनाथ मुकादमाला फोन लावला.

"दसऱ्याला मी येते, पर माझ्या कुत्र्याला ट्रकात जागा पायजे. न्हाईतर मी बी न्हाई."

मुकादम हसला, कुरकुरला, शेवटी हो म्हणाला. मग पिल्लू चाटून खायला लागल्यापासून आईचं दूध सोडेपर्यंत महिनाभर भिवराबाई त्याला रोज दुधात भाकर कुस्करून चारत राहिली. ढोरांच्या डॉक्टरकडनं सुईही टोचून आणली.

एके सकाळी केशरबाईनं तोच दोरा मागून घेतला, आपल्या हातानं पिलाच्या गळ्यात बांधला आणि पिल्लू तिच्या पदरात घातलं.

भिवराबाईनं पिल्लू खाली ठेवलं अन् वाकून केशरबाईच्या पायांवर डोकं टेकलं. केशरबाई वयानं दहा वर्षांनी धाकटी. ती दचकून मागं सरली.

"अगं आक्का, काय करतीस! पाप लागंल मला!"

"न्हाई लागत. माझा मोत्या तू जगवलास. लई उशिरा कळलं बाई मला."