अंतर काढून टाका

प्रमिलाबाईंनी पलीकडच्या किनाऱ्यावरचा डोंगर रंगवला आणि त्याच सकाळी तो अर्धी खाडी ओलांडून अलीकडे आला. पाणी हललं नाही. उतारावरच्या काजूच्या बागाही जशाच्या तशा होत्या, फक्त आता झाडं मोजता येत होती.

"सर, डोंगर जवळ आलाय," त्या म्हणाल्या.

बस्त्यांव सर शहरातल्या कलाशाळेत तीस वर्षं शिकवून गावी परतले होते आणि आता खाडीकाठी प्रमिलाबाईंना चित्रं काढायला शिकवत होते. त्यांनी डोंगराकडे नाही, चित्राकडे पाहिलं. "येणारच. तुम्ही लांबचं फिकट केलं नाहीत. लांबचं, जवळचं, सगळं एकाच जाडीनं लावलंत. छान. आता अंतर काढून टाका."

प्रमिलाबाई बालवाडीच्या बाई होत्या. निवृत्त होईपर्यंत त्यांनी मुलांना वाळू पिवळी आणि सावली काळी असंच शिकवलं होतं. सर म्हणत, दिसतो तो रंग नको, वाटतो तो घ्या; आणि रंग कालवू नका, शेजारी शेजारी ठेवा. प्रमिलाबाईंनी वाळू नारिंगी केली तेव्हा तळव्यांना चटका बसला. सुरूच्या सावल्या जांभळ्या केल्या तेव्हा सावलीत झोपलेल्या कुत्र्याचं पोट जांभळं झालं. कुत्र्यानं एक डोळा उघडून पोट पाहिलं आणि परत मिटला. आता पुढे काय होतं, हे बघायला प्रमिलाबाई रोज लवकर येऊ लागल्या.

तिसऱ्या दिवशी पलीकडची वाडी आली. डावीकडून चौथं घर वत्सूचं, त्यांच्या धाकट्या बहिणीचं. आई त्या घरात वारली होती, आणि प्रमिलाबाईंना निरोप मिळाला तो सगळं आटोपल्यावर. त्याला अकरा वर्षं झाली. होडी रोज जात-येत होती, पण या कधी तिच्यात बसल्या नाहीत.

"हे एक घर गाळलं तर चालेल?"

"चालेल. भोक राहील."

त्यांनी ती जागा कोरी ठेवली. त्या कोऱ्या जागेतून वारा आत ओढला जाऊ लागला. आधी दोन पानं गेली, मग सरांची टोपी. टोपी कुठे गेली असेल, हा विचार प्रमिलाबाईंना रात्रभर सोडेना. सकाळी त्यांनी भिंत पोपटी केली आणि छपरावर तांबड्याचे आखूड फटकारे मारले. शेवटचं कौल बसलं तसा फोडणीचा वास आला. हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ स्वयंपाकघराची खिडकी होती आणि खिडकीत वत्सू मासे साफ करत होती. तिचे केस पांढरे झाले होते.

"ही टोपी कुणाची गं?" वत्सूनं विचारलं.

"सरांची."

"डाळीत पडली होती."

प्रमिलाबाईंनी ब्रश खाली ठेवला नाही. "आईचा निरोप वेळेवर का नाही पाठवलास?"

"दुसऱ्या कुणाबरोबर कशाला पाठवू? मीच निघाले होते, ताई. होडीत बसले आणि खाडी रुंद होत गेली. वल्हवता वल्हवता संध्याकाळ झाली, मग उजाडलं. तू दिसत होतीस दारात, पण एवढीशी." तिनं बोटाचं पेर दाखवलं.

प्रमिलाबाईंनी खाडीकडे पाहिलं. चार बोटं हिरवं पाणी उरलं होतं. त्यातून एक होडी आडवी चालली होती.

"ते पाणीसुद्धा तेवढ्याच जाडीनं," सर म्हणाले.

प्रमिलाबाईंनी हिरवा उचलला आणि लावला. होडी चपटी झाली. सुरूची झाडं मागून येऊन त्यांच्या पाठीला टेकली. सरांनी स्टूल पोटाशी घेतलं आणि ते उभे राहिले, कारण बसायला जागा नव्हती.

वत्सूनं लुगडं खोचून खिडकीतून एक पाय बाहेर टाकला. तो नारिंगी वाळूत घोट्यापर्यंत रुतला.

"ताई, दुसरा कुठे ठेवू?"

प्रमिलाबाईंनी चित्र वरपासून खालपर्यंत शोधलं. पांढरी जागा एकच होती, त्या स्वतः बसल्या होत्या तेवढी. त्यांनी ब्रश नारिंगीत बुडवला आणि जरा सरकून बसल्या.