तूरेकाने मागितलं ते

डॉक्टर तूरेकाने लसींच्या फ्रिजचं दार उघडलं आणि माशाचा वास भप्पकन नाकात शिरला. कुणीतरी आत टूना ठेवला होता आणि तो कुजून गेला होता. फ्रिज बंदच होता. बंद असणारच, छपरावरच्या सोलरची बॅटरीच जागेवर नव्हती.

"मीरे, बॅटरी कुठंय?"

नर्स मीरे दाराशी मान खाली घालून उभी राहिली. "तेबानोमामांनी बुबुती केली, बाई. त्यांच्याकडे रात्री बिंगोचा खेळ असतो ना. दिव्याला हवी होती."

यावर बोलणार काय, कपाळ? नातलगाने 'बुबुती' म्हणून मागितलं की द्यायचं. नाही म्हणणाऱ्याच्या अख्ख्या घराण्याची नाचक्की होते. आणि या बेटावर मीरेचा कुणी लागत नाही असा माणूस शोधून दाखवा. होडीचं पेट्रोल असंच गेलं, गोळ्या अशाच गेल्या. तूरेकाची उभी हयात बेटाबेटांवर दवाखाने उभारण्यात गेली, आणि तिची पाठ वळली की दवाखाना गावभर वाटला जायचा. बाहेरदेशचे तज्ज्ञ म्हणाले, कुलूप लावा. लावलं. लोकांनी किल्लीची बुबुती केली. ते शहाणे तोवर विमानात बसून गेलेही होते.

आज मात्र गंमत नव्हती. शेजारच्या बेटावर गोवराने पोरं दगावली होती. लसी घेऊन बोट सकाळी येणार होती. लांबच्या वाड्यांवरची लेकरं टोचून व्हायला आठवडा लागणार, आणि तोवर फ्रिज गार हवा. नाहीतर लसी फेकायच्या आणि गोवराची वाट बघत बसायचं.

"मी मामांकडून परत मागून आणते," मीरे डोळे पुसत म्हणाली.

"आण. परवा तुझी आत्या मागेल, मग काय करशील?"

मीरे फ्रिजमधला मासा काढू लागली. तूरेकाला तिचा राग आला आणि कीवही आली. मग एकदम तिच्या डोक्यात काहीतरी आलं आणि तिने पदरची चांगली चटई काखेत मारली.

संध्याकाळी गावच्या मानेआबात, त्या मोठ्या बैठकीच्या छपराखाली, म्हातारी मंडळी आपापल्या घराण्याच्या जागी बसली होती. तूरेकासाठी सरकारी पाहुण्यांची जागा मोकळी ठेवली होती. ती तिकडे गेलीच नाही. तिची आजी इथलीच. आजीच्या घराण्याच्या खांबाजवळ तिने चटई अंथरली. लोक कुजबुजले. तिने पोटभर मासा खाल्ला, शहाळं प्यायली, घाई केली नाही.

"आज डॉक्टरीणबाई नाही बोलत," ती म्हणाली. "तुमच्या घरची पोर बोलतेय. माझी एक बुबुती आहे."

तेबानो मिशीत हसला. "कळलं गं पोरी. बॅटरी ना? घेऊन जा. एवढ्यासाठी चटई कशाला झिजवलीस?"

"बॅटरी नको, मामा."

"मग?"

"तुमचं मागणं हवंय. फ्रिज, बॅटरी, पेट्रोल, औषधं, दवाखान्याच्या वस्तूंवरची तुमची बुबुती मला देऊन टाका. सगळ्यांनी. यापुढे मीरेकडे त्यातलं कुणी काही मागायचं नाही."

असलं काही आजवर कुणी मागितलं नव्हतं. तेबानोने मांडी बदलली, इकडेतिकडे पाहिलं.

"अगं, हे म्हणजे आमचे हात बांधणं झालं."

"मग नाही म्हणा," तूरेका शांतपणे म्हणाली. "इथं, सगळ्यांसमोर."

म्हाताऱ्याचं पोट हलायला लागलं. तो असा हसला, असा हसला की शेजारच्याने त्याच्या पाठीवर थापटलं. "आजीवर गेलीय भवानी. तीही असंच कोंडीत धरायची. घे, दिली." एकेक घराणं 'दिली' म्हणत गेलं आणि शेवटी अख्ख्या छपराखाली एका तालात टाळ्या पडल्या. तूरेकाला रडू आवरेना. आयुष्यभर मुलखाच्या सभा केल्या, पण इतकं मोठं दान तिच्या पदरात कुणी टाकलं नव्हतं.

त्याच रात्री बॅटरी तेबानोने स्वतः खांद्यावर वाहून आणली. लस टोचायच्या पहिल्याच दिवशी पणतीला कडेवर घेऊन रांगेत पुढे घुसला तोही तोच, आणि मीरेने त्याला, सख्ख्या मामाला, मागे पिटाळलं. गोवर आला. दोघा खलाशांबरोबर आला आणि त्यांच्यावरच थांबला. बेटावरचं एकही लेकरू आजारी पडलं नाही.

महिनाभरात तूरेकाच्या रेडिओवर बेटाबेटांवरच्या वडीलधाऱ्यांचे रागावलेले आवाज येऊ लागले. "बाई, त्यांच्याकडे मागितलंत म्हणे. आम्ही काय भिकारी आहोत? आमच्याकडे मागायला कधी येताय?"