सातनंतरचा श्वास

बाटली गोळ्यांची होती. पांढरं झाकण, बाजूला नखाने खरवडलेलं लेबल, त्यावर ‘जेवणानंतर’ एवढंच उरलेलं, आणि आत मूठभर वाळके वाटाणे. हलवली की खळ्-खळ्. दुकानात रंगीबेरंगी खुळखुळे ढिगाने मिळतात, पण बालवर्गाचा ताल धरायचा तो ह्याच बाटलीने, असा तिचा एकोणीस वर्षांचा हट्ट, आणि पोरंही अशी हुशार की दुसरा खुळखुळा हातात दिसला तर “हा नको बाई, तो!” म्हणून गलका करतात. आज मात्र सतरंजी अंथरायच्याही आधी, शाळेत चिटपाखरू नसताना, ती बाटली घेऊन लहान मुलांच्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि हळू आवाजात म्हणून बघत होती—एक दोन तीन चार, पाच सहा सात...

झालं. थांबलीच पुन्हा.

मी थांबते? मी? काल मोठ्या बाईंच्या खोलीत ती हसली होती ऐकून. समोर चष्मेवालीचे बाबा बसलेले—चष्मेवाली म्हणजे पहिल्या रांगेतली, चष्म्याची दोरी चघळणारी, प्रश्न विचारून जीव नकोसा करणारी लाडकी कार्टी. बाबा रागावलेले नव्हते, तेच वाईट. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. ते म्हणाले, “बाई, मोठ्या शाळेत प्रवेशाला नेलं होतं. दहापर्यंत मोज म्हणाले. सातपर्यंत छान मोजलं हो, आणि मग गप्प. असा छाती भरून श्वास घेतला तिने. तेवढ्यात त्या मॅडमनी कागदावर सात लिहिलं आणि पुढचं चित्र दाखवलं.” मग म्हणाले, “घरी विचारलं तर म्हणते, तिथे थांबायचंच असतं. बाई थांबतात.”

आता परवा त्या शाळेने पुन्हा बोलावलंय. विनवण्या करून मिळवलेली एकच संधी.

“उद्यापासून ते गाणं नीट बसवून घ्या,” मोठ्या बाई म्हणाल्या, “नाहीतर बंद करू आणि रेकॉर्ड लावू.” ती मान डोलावून बाहेर आली, आणि तोंडात मारल्यासारखी व्हरांड्यात उभी राहिली. कारण पालकसभेत ठसक्यात सांगायची तीच ना—चालीत बसवलेलं पोरं जन्मात विसरत नाहीत! हात धुवायचं गाणं, चपला जोडीने ठेवायचं गाणं, खेळणी आवरायचं गाणं. ती नुसती गुणगुणली तरी वीस पोरं ठोकळे उचलून टोपलीत टाकायची, आणि पाहुणे तोंडात बोट घालायचे. तिचं सगळं शिकवणं त्या चालींवर उभं. आणि त्याच चालीत हा खड्डा, एकोणीस वर्षांत कुणाला दिसला नाही, कारण सगळे एकदम थांबायचे आणि एकदम पुढे जायचे. एकटं मोजायची वेळ आली तेव्हा ती पोरगी त्यात पडली.

खड्डा आला कुठून, हे काल घरी भांडी घासताना कळलं. एकटीची दोन भांडी, त्यांना किती वेळ लागतो. पण नळ वाहतच राहिला. जुनं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. अरुंद जिना, सात पायऱ्या चढल्या की वळण, मग पुढच्या. आईच्या दोन्ही हातांत पिशव्या, आणि ही चार-साडेचार वर्षांची, पदर धरून. कडेवर घे म्हणून रडायची, म्हणून आईने चाल लावली—एक दोन तीन चार, पाच सहा सात—आणि वळणावर आई पिशव्या खाली ठेवायची, कठडा धरायची, छाती भरून श्वास घ्यायची, मग आठ. हिला वाटायचं गाणंच तसं आहे. ती सुद्धा आईसारखे गाल फुगवून श्वास घ्यायची, आणि आईला हसू यायचं, आणि हसल्यामुळे तिला आणखी वेळ लागायचा. कधीकधी श्वास फारच लांबायचा. तेव्हा ही पाय आपटायची, “म्हण ना आठ! आई, म्हण ना!” आणि आई म्हणायची, “आलेच गं. आलेच.”

हृदय नाजूक होतं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ही कॉलेजात होती. त्यानंतर गोळ्या, बाटल्या, दवाखाने, लग्नाचं राहून जाणं... सगळं केलं, डोळ्यांत तेल घालून केलं. पण त्या जिन्यावरच्या श्वासाशी त्या दुखण्याचा संबंध तिने कालपर्यंत जोडला नव्हता. आई दमत होती आणि मी ताल धरत होते. बरं, धरला तो धरला, वर शिकवलाही! किती पोरं झाली एकोणीस वर्षांत? कुठे कुठे कोण कोण सातवर थांबून माझ्या आईचा श्वास घेत असेल, आणि एकालाही ठाऊक नाही.

घंटा झाली. पोरं आली—एकाची चप्पल उलटी, एकीचं नाक वाहतंय, दोघांचं एका खिडकीवरून भांडण. चष्मेवाली येऊन मांडीला मांडी लावून बसली. “बाई, मला सातच येतात असं म्हणाले ते.” “कोण म्हणतं? तुला तर शंभर येतात.” “शंभर नाही येत,” ती गंभीरपणे म्हणाली, “बारा येतात.”

तिने बाटली उचलली. खळ्-खळ्. एक दोन तीन चार, पाच सहा सात आठ—

आठ तिचा एकटीचा आला. वर्गभर वीस छात्या भरल्याचा आवाज, आणि त्यावर तिचा उघडाबोडका आठ. पोरं तिच्याकडे बघत राहिली. “बाई चुकल्या!” कुणीतरी आनंदाने ओरडलं. चष्मेवाली दोरी तोंडातून काढून म्हणाली, “बाई, तुम्ही श्वास नाही घेतला.”

“आता नाही घ्यायचा.”

“का?”

काय सांगणार, कपाळ? “गाणं मोठं झालं आता,” ती म्हणाली. “मोठं झालं की न थांबता जायचं.”

दुसऱ्यांदा निम्मी थांबली. तिसऱ्यांदा तिने सातवर टाळी दिली, त्या मोकळ्या जागेत टाळी बसवून पोरांना पुढे ओढलं. मग टाळी लहान केली, मग बोटाने नुसती मांडीवर वाजवली, मग काढूनच टाकली. कसब होतं तिच्या हातात, नाही कशाला म्हणा. डबे खाऊन झाल्यावर एकेकाला उभं केलं. चष्मेवाली उभी राहिली, हात मागे बांधले आणि एका दमात दहा गाठून वर अकरा-बारा फुकट दिले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. तिचा जीव भांड्यात पडला. परवा जमेल पोरीला, नक्की जमेल.

आणि घरी जायच्या वेळी, चपला घालताना, पोरं आपापल्याशी मोजत होती. तिने कान देऊन ऐकलं, एकेकाजवळ वाकून, चपलांचे पट्टे लावायच्या निमित्ताने. कुणीच थांबत नव्हतं. एका सकाळीत! एखादं तरी पोर चुकेल म्हणून ती शेवटच्या मुलाची आई येईपर्यंत दारात रेंगाळली. त्याने बाईंच्या हातातून बोट सोडवलं आणि सात-आठ-नऊ-दहा करत पळाला.

बाटली तिने कपाटात ठेवली, मग परत काढून पिशवीत टाकली. रस्ताभर ती पिशवीत खळखळत राहिली.

तिच्या इमारतीच्या जिन्याला मध्ये वळण नाही. सरळ अकरा पायऱ्या आणि तिचं दार. ती रोज भराभर चढते. आज मनात आकडे सुरू झाले, आणि सातव्या पायरीवर पाय थांबले. तिने पिशवी खाली ठेवली. कठडा धरला.

खालून शिंपीकाका येत होते. “काय बाई, दम लागला?”

“छे हो. तुम्ही व्हा पुढे. आलेच मी.”

तो शब्द तोंडून गेला आणि तिने तो ऐकला. काका अंग चोरून पुढे गेले, वर कुठेतरी त्यांचं दार लागलं, आतून कुणीतरी “किती उशीर!” म्हणालं. मग जिना शांत झाला. दम लागला नव्हता, अजिबात नाही, छाती चांगली ठणठणीत होती. तरी तिने श्वास घेतला, गाल फुगवून, भरपूर, जितका मावेल तितका. आणि तो धरून तिथेच उभी राहिली. पदर ओढून, पाय आपटून ‘म्हण ना आठ’ म्हणणारं कुणी नव्हतं, त्यामुळे घाई अशी काहीच नव्हती.