खाजोटीची लाल पट्टी

एका जागी बसवत नव्हतं म्हणून मी शाळा सोडली, आणि आता मावशीच्या हाताखाली रोज आठ तास स्टुलावर बसते. यावर ती नुसती नाकातल्या नाकात हसते.

मावशी सुकवलेली झाडं जाड कागदावर सुईदोऱ्याने टाचते. तीस वर्षं झाली. संग्रहालयाची मागची खोली, एकच खिडकी, छताला टेकलेली लोखंडी कपाटं आणि किडीच्या औषधाचा वास. तो आंघोळ केली तरी केसांतून जात नाही. सध्या या भागातल्या खाजोटीच्या कुळाचं पुस्तक निघतंय. रानातली, कुंपणाकडेची, कुंडीतली शोभेची, धाग्यासाठी मुद्दाम लावतात ती रॅमी, सगळी एकाच खानदानातली. त्यातली काही चावतात, बाकीची गरीब. वाळल्यावर बरीचशी सारखीच दिसतात, चुरगळलेली, तपकिरी. पण चावणारीची लव वाळूनही चावते. म्हणून मावशी प्रत्येक पान मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवते, दहा आकडे मोजते, आणि झोंबलं तर कागदाच्या कोपऱ्यावर लाल पट्टी चिकटवते. पुस्तक काढणाऱ्या मॅडम आधी म्हणायच्या, भिंगातून बघत जा. पण मावशीचं मनगट कधी चुकलं नाही, मग त्यांनी नाद सोडला.

उद्या गठ्ठा फोटोला जायचा होता. दोनशे बारा कागद. दुपारी मी ते ओळीने लावत होते आणि बिनपट्टीच्या एका कागदाने माझी तीन बोटं पेटवली. माझं डोकं तसंही लवकर फिरतं. मी मावशीला विचारलं, काम करत होतीस की झोपा काढत होतीस.

तिने शांतपणे कागद ओढला, पान मनगटाला टेकवलं, दहा मोजले. मग वीस.

"काही नाही गं. ही गरीब आहे."

तिच्या मनगटावर माझ्यासमोर बारीक लाल पुळ्या उठत होत्या आणि ती माझ्याकडे बघत होती.

तेव्हा मला सगळं एकदम दिसलं. तिच्या बोटांवरचे सुईचे टोचे, वाळलेल्या रक्तासकट. चहाचा कप दोन्ही हातांनी धरणं. स्वेटरची वरची दोन बटणं, जी ती महिनाभर उघडीच ठेवत होती आणि मी तिला म्हातारपणी फॅशन सुचली म्हणून चिडवत होते. मॅडमना कळलं असतं तर तिची सुई गेली असती, आणि सुईशिवाय ती काय करते हे मी कधी बघितलेलं नाही. तिनेही नसेल.

मी बाह्या वर केल्या आणि पहिल्या कागदापासून सुरुवात केली. आधी डावा हात, तो भरला की उजवा. मावशी एकदा म्हणाली, राहू दे. मी म्हटलं, तू पट्ट्या काप. तिला कात्रीही नीट धरता येईना, मग पट्ट्या मी दातांनी तोडल्या. सहा वाजेपर्यंत बिनपट्टीच्या नऊ चावऱ्या सापडल्या. हात कोपरापर्यंत सुजून जड झाले होते, आणि कंटाळा असा, की खाजवायचाही कंटाळा.

मॅडम गठ्ठा न्यायला आल्या. त्यांनी आधी माझे हात बघितले, मग ओल्या पट्ट्या, आणि विचारलं, या आधी कोणी तपासल्या होत्या. मी म्हटलं, मीच. माझ्याकडून चुकल्या.

मावशीने सुई सुयांच्या गादीत खोचली.

"ती खोटं बोलतेय. माझा हात मेलाय, मॅडम. चार महिने झाले."

मॅडम कपाटांकडे वळल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, उद्या डॉक्टरकडे जा, आणि तोवर सुईला हात लावू नका. पुढचं नंतर बघू. पुढचं म्हणजे काय, ते त्यांनाही माहीत नसावं. खणातलं भिंग काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं आणि गठ्ठा घेऊन गेल्या.

दिवे मी बंद केले. दारात मावशी स्वेटर घालून तशीच उभी राहिली. मी माझ्या सुजलेल्या बोटांनी तिची बटणं लावायला लागले. एकेक बटण पाच-पाच वेळा निसटत होतं.

"हात तुझे सुजले," ती म्हणाली, "आणि सुट्टी मला."

मी म्हटलं, मान वर कर, वरचं राहिलंय.