सात नंबरचं गाऱ्हाणं

"पाय मागायचा," कृष्णदेव म्हणाला. "डावा नको, उजवा. डावा त्याला नुसता उभं राहायला लागतो."

नंदलाल ट्रॅक्टरच्या चाकावर वाकला होता. टायर रिंगेवरून सोडवण्यासाठी आत घातलेली पहार त्याने तशीच धरून ठेवली.

"सरदार, गाऱ्हाण्यात असं कधी मागितलं नाय."

"तर आता माग."

सरदाराच्या मागे चंद्रमोहन उभा होता. तो क्युरपीप शहराला जाणाऱ्या बसवर कंडक्टर होता आणि गावच्या टीमसाठी सगळ्यांत मोठ्याने ओरडणारा माणूस म्हणून त्याला चार गावं ओळखत होती. "आमी पाय मोडला तर रेफ्री लाल कार्ड काढतो," तो म्हणाला. "देवाला कोण कार्ड दाखवणार, नंदलालभाय?"

गाराजातले दोघं-तिघं हसले. कृष्णदेव हसला नाही. "रविवारी," एवढंच म्हणून तो निघून गेला.

मोंतान्य ब्लांश या गावात कृष्णदेवला नाही म्हणायची सोय नव्हती. साखर कारखान्याच्या गाराजाचा आणि ऊसतोडीच्या टोळ्यांचा तो सरदार, म्हणजे मुकादम, होता. मराठा रेंजर्स या फुटबॉल क्लबचा अध्यक्ष होता. देवळाच्या कमिटीत होता. नंदलाल ज्या घरात राहत होता ते कारखान्याचं होतं आणि कारखान्याची घरं कोणाला द्यायची ते कृष्णदेव सांगे. गावात कामाला जा, देवळात जा, नाहीतर मैदानावर जा, माणूस फिरून त्याच्याच समोर येई.

ज्याचा पाय मागायचा होता तो गजेंद्र, नंदलालच्या बायकोचा धाकटा भाऊ. आईबाप गेल्यावर तो बहिणीच्या घरीच वाढला. रेंजर्सचा सात नंबर, उजवा विंगर. त्याची एक खोड होती. चेंडू घेऊन रेषेलगत पळता पळता तो एकदम थांबे. अंगावर आलेला बॅकही थांबे. मग गजेंद्र निघून जाई आणि बॅक तिथेच असे. पुढे काय होणार ते ठाऊक असल्यामुळे म्हातारे प्रेक्षक तो थांबला की आधीच हसायला लागत.

चौऱ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत, सीझन संपल्यावर, गजेंद्रने क्युरपीपच्या क्लबात नाव घातलं. त्या क्लबच्या मालकाचा स्वेटरचा कारखाना होता. तिथे त्याला व्हॅन चालवायची नोकरी आणि राहायला खोली मिळाली. त्या काळी बेटावरचा प्रत्येक क्लब कुठल्यातरी जातीचा, कुठल्यातरी धर्माचा असे, आणि क्युरपीपचा क्लब आपला नव्हता. गावाने ती बातमी, घरातली मुलगी न सांगता पळून गेल्यावर घेतात, तशी घेतली. केस कापण्याच्या दुकानातल्या टीमच्या फोटोतून गजेंद्रला कोणीतरी कात्रीने कापून काढलं. त्यात दहाच माणसं उरली आणि शेवटच्या दोघांच्या मधून मागची भिंत दिसू लागली. सात नंबरची जुनी जर्सी एका कुत्र्याच्या अंगात घालून त्याला रस्त्यावरून पळवलं. चंद्रमोहन आपल्या बसमध्ये गजेंद्रच्या बहिणीला, जमुनाला, तिकीट देई, पण "तुझ्या क्युरपीपला उतरायचं ना?" असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारी. ती क्युरपीपच्या आधी बाजाराशी उतरणार हे त्याला ठाऊक असे.

नंदलालला कोणी काही बोललं नव्हतं. त्याच्याकडे गाऱ्हाणं होतं.

कोकणातून आलेल्या आज्या-पणज्यांनी उसाच्या कामाबरोबर जे थोडं आणलं त्यात हे होतं. गावाच्या वतीने एकाने देवापुढे उभं राहून मागायचं आणि बाकीच्यांनी एका आवाजात होकार भरायचा. नांगरणीला, लग्नाला, गणपतीला, आणि क्लब निघाल्यापासून प्रत्येक घरच्या मॅचला. मैदानाच्या कोपऱ्यात बदामाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला दगड होता, तिथे. मान नंदलालच्या घराण्याचा. बाप वारला तेव्हा नंदलालला पोर्ट लुईच्या एका मोठ्या गाराजात जागा मिळत होती. "आणि हितं बोलायचं कोणी?" असं चार जणांनी विचारलं आणि तो राहिला. त्याला आता वीस वर्षं होत आली होती.

गाऱ्हाणं परत घेता येत नाही. मागितलं आणि गावाने 'व्हय' म्हटलं की ते सगळ्या गावावर येतं. नंदलालच्या लहानपणी एका वादळात त्याच्या बापाने "म्हाराजा, हे आमच्यावरनं पुढं ने" असं मागितलं होतं. वादळ पुढे गेलं आणि डोंगरापलीकडच्या वस्तीवरची छपरं घेऊन गेलं. दुसऱ्या दिवशी बाप पत्रे आणि खिळे घेऊन तिकडे निघाला. त्याच्या मागोमाग, कोणी न बोलावता, ज्यांनी ज्यांनी 'व्हय' म्हटलं होतं ते सगळे निघाले. छपरं घालून होईपर्यंत गावात कोणी स्वतःच्या घराला हात लावला नाही.

हे नंदलालला जितकं ठाऊक होतं तितकंच कृष्णदेवलाही. म्हणूनच त्याला पाय गाऱ्हाण्यात हवा होता.

संध्याकाळी जमुना भात वाढत होती. तिच्यापर्यंत बातमी आधीच पोचली होती.

"काय बोललात सरदाराला?"

"कायच नाय बोललो."

"म्हणजे व्हय."

"जमुना, मी नाय मागितलं तर दुसरा मागंल. चंद्रमोहन मागंल. तो तर दोन्ही पाय मागंल."

"त्याला मागू दे. त्यानं माझ्या भावाला कडेवर नाय घेतला."

नंदलाल भात कालवत राहिला. "आणि घर? हितनं काढलं तर जायचं कुठं?"

भाजीचं भांडं त्याच्यापुढे ठेवून ती म्हणाली, "त्याचा घोटा मुरगळायचा तेवा हळद तुमी लावायचा. कुठं लागतं ते तुमाला नीट माहीत हाय. देवाला बरोबर जागा सांगा."

तो जेवला. तीही जेवली. त्यानंतर रविवारपर्यंत घरात कामापुरतंच बोलणं झालं.

नंदलालने मागायचं ठरवलं. फक्त शब्द त्याने थोडा हलका केला. 'मोड' म्हणायचं नाही, 'जड कर' म्हणायचं. "जो आमाला सोडून गेला, त्याचा पाय तू जड कर, म्हाराजा." गाराजात चाकांना हवा भरताना तो हे पुटपुटत असे. शुक्रवारी त्याने कृष्णदेवला ते म्हणून दाखवलं.

"जड म्हणजे?"

"म्हणजे पळता येणार नाय."

कृष्णदेवने विचार केला. "चालंल. पण नाव घ्यायचं. 'जो सोडून गेला' म्हटलं तर देवाला कसं कळणार? अर्धं गाव क्युरपीपला कामाला जातंय."

रविवारी दुपारी कपची मॅच होती. क्युरपीपची बस मैदानाच्या तोंडाशी थांबली तेव्हा लोक दोन्ही बाजूंनी उभे होते. पिवळ्या जर्सीतला गजेंद्र मान खाली घालून उतरला. "त्रेत! गद्दार!" अशा आरोळ्या उठल्या. संत्र्यांच्या साली त्याच्या खांद्यावर पडल्या. "किती नंबर दिला रे तुला? की नुसती व्हॅनची चावी दिली?" चंद्रमोहनने विचारलं आणि लोक हसले. गजेंद्रने वर पाहिलं नाही. बदामाच्या झाडाजवळून जाताना मात्र तो क्षणभर थांबला, दगडाला हात लावला, तो हात छातीला लावला आणि पुढे गेला.

"बघा, आता देव पण आपलाच पायजे त्याला," कोणीतरी म्हणालं.

रेंजर्सची पोरं दगडापुढे रांगेने उभी राहिली. मागे सगळा गाव. कृष्णदेव पुढच्या रांगेत, हात जोडून. नंदलालने नारळ ठेवला आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सात समुद्रापलीकडनं आमचे आजे आले, तेवा तू त्यांच्या संगट आलास, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझी लेकरं मैदानात उतरतायत. त्यांच्या हातापायाची तू राखण कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग खेळाडूंची नावं. गोलकीपरपासून नंबराच्या ओळीने, दर वेळी तशीच. एकेका नावाला गाव होकार भरी आणि ते नाव ज्याचं असे तो कपाळाला शेंदूर लावी. नंदलालने डोळे मिटले होते. ते तो नेहमीच मिटे. सत्यनारायणच्या पायाची राखण कर. व्हय म्हाराजा. बसंतच्या. व्हय म्हाराजा. हरिलालच्या. व्हय म्हाराजा. लोकांचा आवाज आता एका ठेक्यात पडला होता आणि नावं त्या ठेक्यावर आपोआप पुढे सरकत होती. सहा नंबर झाला.

"गजेंद्रच्या पायाची राखण कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पहिल्यापेक्षाही मोठा होकार होता. सात नंबरला तो नेहमीच मोठा असे.

शेंदराकडे कोणाचा हात गेला नाही. आता सात नंबर घालणारा पोरगा आपल्या जर्सीकडे बघत राहिला.

नंदलालने डोळे उघडले. कृष्णदेव त्याच्या अगदी समोर होता.

"परत म्हण," कृष्णदेव हळू आवाजात म्हणाला. "नीट म्हण."

"सरदार," नंदलाल म्हणाला, "तुमीच व्हय म्हणालात."

कृष्णदेवने मागे पाहिलं. मागे गाव होतं आणि कोणीही त्याच्या नजरेला नजर देत नव्हतं. चंद्रमोहनचं तोंड अजून उघडंच होतं. कोणीतरी हळूच म्हणालं, "झालं ते झालं. फिनी." नंदलालने राहिलेली नावं घेतली, नव्या पोराचंही घेतलं, नारळ फोडला. पाय जड करायचं वाक्य बोलायचं राहूनच गेलं.

मॅचमध्ये गजेंद्रच्या समोर हरिलाल होता. रेंजर्सचा तीन नंबर, सहा फूट उंच, ऊसगाडीवर मोळ्या फेकणारा. त्याला आठवडाभर सरबत पाजून काय करायचं ते शिकवलं होतं. पहिल्यांदा गजेंद्र चेंडू घेऊन आला तेव्हा हरिलाल धावत गेला, आणि शेवटच्या दोन पावलांत त्याने आपला पाय मागे ओढला. दुसऱ्यांदाही तेच झालं.

"अरे लाथ घाल ना!" एकजण ओरडला.

"तू काय म्हणालास मघाशी?" हरिलाल मैदानातूनच ओरडला. "व्हय म्हणालास ना? मग तू ये आणि तू घाल!"

त्यानंतर रेषेवरून कोणी ओरडलं नाही. हजारभर माणसं इतकी गप्प राहून मॅच बघत आहेत असं त्या मैदानाने पाहिलं नव्हतं. दुसऱ्या हाफमध्ये गजेंद्र रेषेलगत पळत आला आणि एकदम थांबला. हरिलालही थांबला. गर्दीत एक म्हातारा खो खो हसला, आणि ध्यानात येताच त्याने तोंडावर टॉवेल धरला. तोवर चेंडू गोलात होता. मॅच त्या एकाच गोलावर सुटली.

बस निघायच्या आधी जमुना बसच्या खिडकीशी गेली. नंदलाल रस्त्याच्या या बाजूला उभा राहिला.

"दीदी, हरिलालला काय झालं होतं?" गजेंद्रने खिडकीतून विचारलं. "मी मोज्यात दोन्ही बाजूला पुठ्ठे घालून आलो. एक पण लाथ नाय."

"तू बरा खेळलास म्हणून," ती म्हणाली.

"भावजी रागावले माझ्यावर?"

"नाय रे."

गजेंद्रने रस्त्यापलीकडे हात हलवला. नंदलालने हात वर केला, पण तेवढ्यात दुसरी एक बस मधे आली.

घरी जाताना जमुनाने विचारलं, "विसरलात की मुद्दाम?"

"मला पण माहीत नाय," तो म्हणाला.

सोमवारी कृष्णदेव गाराजात आला. तो चिडलेला नव्हता.

"हितं माणसं जास्त झाली. उद्यापासून टोळीबरोबर शेतात जायचं."

"जी."

"गाऱ्हाणं चंद्रमोहन बोलंल. कमिटीनं ठरवलं."

"जी." नंदलाल म्हणाला. "आणि घर, सरदार?"

"घराला कोण हात लावतोय?" कृष्णदेव म्हणाला. "घर काढलं तर तू उद्या उठून मेव्हण्याकडे क्युरपीपला जाशील. ते नाय. तू हितंच राहायचंस."

नंदलालने हातातली पहार भिंतीला टेकवून ठेवली. टेकवताना ती घसरणार नाही असं बघितलं.

शेतातलं काम त्याला जड गेलं नाही. वय झालं होतं एवढंच. टोळीतले लोक त्याच्याशी नेहमीसारखे बोलत, पाणी देत, फक्त मॅचचा विषय निघाला की थांबत. जमुनाला बसमध्ये चंद्रमोहन आता काही विचारत नसे.

पुढची घरची मॅच तीन रविवारांनी आली. चंद्रमोहन झाडाखाली उभा राहिला. नवा सदरा घातला होता. आवाज मोठा होता, पण नावं मागेपुढे झाली आणि दोन ठिकाणी त्याला कोणीतरी मागून सांगितलं. शेवटी त्याने श्वास घेतला आणि म्हणाला, "आणि तो गजेंद्र, जो आमाला सोडून गेला, त्याचा पाय तू जड कर, म्हाराजा!"

होकार आला. फार मोठा नव्हता, पण आला.

नंदलाल पुढच्या रांगेत होता. बाप गेल्यापासून पहिल्यांदाच तो त्या बाजूला उभा होता. त्याचे हात जोडलेले होते, डोळे उघडे होते आणि ओठ मिटलेले होते. शेजारच्याने कोपर मारलं. कृष्णदेवनेही वळून पाहिलं, आणि पाहतच राहिला. नंदलालने ओठ हलवले नाहीत.

मग रेफ्रीने शिट्टी वाजवली. लोक रेषेकडे सरकले. नंदलाल त्यांच्याबरोबर गेला आणि गवतावर जागा करून मॅच बघायला बसला. रविवारी दुपारी गावात जायला दुसरीकडे कुठे नव्हतं.