दाढेतला भंडारा

सांगलीहून दाढ काढून परतलेल्या सिद्धूने ठरवले होते, या वेळी जखमेला हात लावायचा नाही. आठवड्यावर बिरोबाची जत्रा होती आणि पहिली ओवी त्याच्या घराण्याची.

गेल्या वर्षी दुसऱ्या बाजूची दाढ काढल्यावर, मेंढराच्या घावात भरावा तसा दगडी पाला चुरडून, त्यात देवाचा भंडारा कालवून त्याने खड्ड्यात कोंबला होता. कोयत्याचे घाव या पाल्याने मिटताना त्याने आयुष्यभर पाहिले होते. जबडा मात्र सुजला, सडला, आणि ओवी दुसऱ्याच्या तोंडी गेली.

“मामा, खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तेच तुमचं औषध,” या वेळी दाढ काढल्यावर डॉक्टर समीक्षा म्हणाली होती. “पाला, भंडारा, लवंग, काही भरायचं नाही.”

“बाभळीच्या सालीचा काढा?” बायकोने, सुलाबाईने विचारले.

“उद्यापासून चालेल. गाळून, कोमट. खळखळ चूळ नको. मान वाकवून नुसता ओघळू द्या.”

“आन तंबाकू?” सिद्धू पुटपुटला.

“ती माझ्या पिशवीत हाय. इचारू नगा,” सुलाबाई म्हणाली.

काहीच न करणे हे त्याला ठाऊक असलेल्या कामांत सर्वांत जड निघाले. जीभ पुन्हापुन्हा त्या पोकळीकडे वळे, तो तिला मागे ओढी. आत, उजेड न पोचणाऱ्या जागी, रक्त स्वतःवरच साय धरत होते.

जत्रेत नानासो पुजाऱ्याने चिमूट उचलली. ओवीआधी गाणाऱ्याच्या जिभेवर भंडारा ठेवायची रीत.

“जीभ काढ रं.”

सिद्धूने मान हलवली. ढोलवाले थबकले.

“देवाला न्हाई म्हणतुयास?”

“देवाला न्हाई, आवं, दाढंच्या खड्ड्याला न्हाई म्हणत्यात,” सुलाबाई पुढे झाली. “गळ्याला लावा. आवाज तितनंच येतुय.”

“आन ओवी फसली म्हंजी?”

“तर माझी फसंल,” सिद्धू म्हणाला. “देवाची न्हाई.”

नानासोने मूठभर भंडारा घेतला आणि सिद्धूचा गळा पिवळाधमक केला.

सिद्धूने स्वर लावला तो नेहमीहून खालचा. तो ऐकू यावा म्हणून ढोलवाल्यांना कातड्यावर तळवे दाबून धरावे लागले. माणसे सरकत जवळ आली. पहिली ओवी संपली. त्याने थुंकी गिळली. तिला रक्ताची चव नव्हती.

मग त्याने दुसरी ओवी उचलली, एक पट्टी वर.