कंपनीच्या दारात हॉटडिश

नवा नियम आला आणि लॉरेलच्या नाकी नऊ आले. घरांच्या खरेदीचे कागद करणारी तिची कचेरी म्हणजे दोन टेबलं आणि एक कुरकुरणारा प्रिंटर. कर्ज न काढता एखाद्या कंपनीने घर घेतलं, की त्या कंपनीमागची खरी माणसं कोण ते तिने सरकारला कळवायचं. काळा पैसा घरांत मुरू नये म्हणून. आता एल्क प्रेरीसारख्या लहानशा गावात काळा पैसा कुठून यायचा? इथे लोक जुना ट्रॅक्टर विकला तरी गावभर सांगतात. वॉशिंग्टनमध्ये हा नियम मोडीत काढायचा ठराव आला तेव्हा ती मनापासून खूश झाली. खासदार चर्चच्या तळघरात लोकांचं म्हणणं ऐकायला येणार होते. लॉरेलने भाषणसुद्धा तयार केलं.

अडचण एकच होती, आयोन. लॉरेलची गॉडमदर, म्हणजे बाप्तिस्म्यापासूनची मानलेली आई, पंच्याहत्तरी उलटलेली, एकटी. तिच्या शेजारचं घर वसंतात 'ब्लू हेरॉन' नावाच्या कंपनीने रोखीने घेतलं होतं, आणि त्याचे कागद लॉरेलनेच केले होते. नवा शेजारी आला की बटाट्याचा हॉटडिश, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेलं भांडंभर जेवण, करून गरम गरम नेऊन द्यायचा, ही मिनेसोटातली रीत. पण कंपनीला जेवू कसं घालायचं? आयोनने तेही करून पाहिलं. कंपनीचा पत्ता शोधत ती भांडं घेऊन थेट शेजारच्या शहरात गेली, तर तिथे निघालं भाड्याच्या टपालपेट्यांचं दुकान. "पेटीत मावत असेल तर ठेवा," दुकानदार म्हणाला.

"कोण आहे गं तो? तुला माहितीये," आयोन दर रविवारी विचारायची.

"माहितीये. पण गिऱ्हाइकाचं नाव फोडलं तर दुकान बंद होईल माझं."

"सरकारला सांगतेस आणि मला नाही! सरकार काय त्याला हॉटडिश देणारे?"

हसण्यावारी न्यावं असं मात्र ते नव्हतं. आयोनचा मुलगा तिला फिनिक्सला बोलावत होता. शेजारी माणूस नाही, हिवाळ्यात पडलीस तर कोण बघणार, हे त्याचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. बर्फ पडायच्या आत शेजारी कोणी राहायला आलं नाही तर घर विकीन, असं आयोनने कबूल केलं होतं. ती जावी असं लॉरेलला मुळीच वाटत नव्हतं.

सभेच्या संध्याकाळी तळघर भरलं. मागच्या रांगेत एक माणूस येऊन बसला आणि लॉरेलला भाषणाचा पहिला शब्दही आठवेना. ब्लू हेरॉनच तो! तिने कॉफीचा कप तोंडाला लावला.

खासदार म्हणाले, "तुमच्या घरात कोण राहतं, याच्याशी सरकारला काय करायचंय?"

टाळ्या पडल्या. आयोन उठली. "सरकारला नको असेल तर मला सांगा, साहेब. माझ्या शेजारी एक कंपनी राहते. तिला भूक लागते का, एवढंच विचारायचंय."

सगळं तळघर खदखदून हसलं. मागचा माणूस उभा राहिला, कान लालबुंद. "मीच ती कंपनी. कोरी प्रीबिल. पियानो दुरुस्त करतो. वकील म्हणाला कंपनीच्या नावावर घे, मी घेतलं."

"मग अख्खा उन्हाळा होतास कुठे?"

"मागच्या गल्लीतून येऊन घर गरम ठेवायची भट्टी दुरुस्त करत होतो. राहायला यायचं धाडस होईना." तो चाचरला. "आमची आजी सांगायची, पहिल्या आठवड्यात कोणी हॉटडिश आणला नाही, तर समजायचं, गावाला आपण नकोयत."

नाव त्याने स्वतःच सांगून टाकलं होतं. लॉरेलचा जीव भांड्यात पडला.

"बघा," खासदार खुशीत म्हणाले, "नियमाची गरजच पडली नाही! बाई, तुम्ही बोलणार होतात ना?"

"मला अजून तो नियम नकोच आहे," लॉरेल म्हणाली, "पण कंपनीमागचं माणूस दिसल्यावर आज तसं जोरात म्हणवत नाही." आणि खाली बसली.

आयोन तोवर मागच्या रांगेपर्यंत पोचली होती. तिने कोरीची बाही धरली. "उद्या सहाला जेवायला ये. आणि येताना जरा वेळ काढून ये. माझ्या मुलाला फोन लावून देते, मी फिनिक्सला येत नाही म्हणून तूच सांग त्याला."